गच्चीची किल्ली आणि कैरीचं मीठ

सेक्रेटरी भाऊ: सर्व सभासदांना नमस्कार. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पूर्ण झालं आहे. नवीन कोट खराब होऊ नये म्हणून गच्चीला कुलूप लावलं असून किल्ली माझ्याकडे आहे. वाळवणासाठी गच्ची मिळेल का, असं तीन-चार घरांनी विचारलं. सध्या तरी नाही म्हणावं लागेल. सहकार्य करावे.

ए-३०३ वहिनी: भाऊ, कोटाची काळजी बरोबर आहे, पण एप्रिल-मे गेला की ही गच्ची आमच्या कामाची नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, आपण दिवसभर कूलरसमोर बसून त्या उन्हाला नावं ठेवतो. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, आंबोशी (कैरीच्या वाळवलेल्या फोडी), सगळं त्याच उन्हावर होतं. बाल्कनीत जेमतेम दोन तास ऊन येतं, तेवढ्यात कैरीची फोड वाळत नाही, नुसती कोमेजते आणि रात्री दमट होते. कोटाला धक्का लागणार नाही अशी सोय करू. बाज टाकू, पायांखाली रबर लावू. पण कुलूप नको.

बी-४०१ दादा: वहिनी, विषय निघालाच आहे तर विचारतो. आम्ही दोघांनी यंदा पहिल्यांदा घरी कैरीचं लोणचं घातलं. व्हिडिओ बघून केलं, कमी मीठ, कमी तेल. दहा दिवसांत वर पांढरं-हिरवं काहीतरी आलंय. फोटो टाकतो. वरचं काढून खाल्लं तर चालेल का?

बी-२०४ जिजी (नातू टाईप करतोय): आजीचा व्हॉइस मेसेज आहे, तसाच लिहितो. "नको रे भो, फेकी दे. मीठ किती टाकं होतं?"

बी-४०१ दादा: एक किलो फोडींना दोन मोठे चमचे.

बी-२०४ जिजी: "पाच शेर फोडीले एक शेर मीठ. मन्ही सासू असंच सांगे. शेर गेले, किलो आले, पण हिशोब तोच."

ए-३०३ वहिनी: दादा, जिजींचा हा हिशोब फ्रिजवर चिकटवून ठेवा. पाच किलोला एक किलो, म्हणजे एका किलोला २०० ग्रॅम. तुमचे दोन चमचे म्हणजे ३५-४० ग्रॅम झाले. मी घालते ते असं: एक किलो फोडी, २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ते १०० ग्रॅम तिखट, २५ ग्रॅम हळद, तळून कुटलेली मेथी दोन चमचे, हिंग एक चमचा, आणि कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं तेल पाव लिटरच्या वर. फोडी तेलात बुडल्याच पाहिजेत. फोटोत बघा, बुरशी धरलीय ती तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडींनाच.

ए-१०२ सर: वहिनींनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. बुरशीला हवा लागते, तेल ती हवा अडवतं. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि उरलेलं पाणीही जंतूंच्या उपयोगाचं ठेवत नाही. कैरी मुळात आंबट, तिचा सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ३ च्या आसपास, त्यामुळे सगळ्यात घातक जंतूंना तिथे थारा नसतो. आंबटपणा, मीठ आणि तेल अशी तिहेरी राखण आहे. दादांनी त्यातले दोन पहारेकरी घरी पाठवले. आणि वरचा थर काढून खाऊ नका. बुरशीचे तंतू खाली गेलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, काही बुरशी विषारी द्रव्यंही सोडतात.

सी-२०१ काकू: आमच्या आई तर वरचं काढून, पुन्हा तेल तापवून ओतायच्या. कोणाला काही झालं नाही.

ए-३०३ वहिनी: काकू, माझ्या आजीलाही तसंच करताना पाहिलंय. वर्षाची बरणी फेकून देणं त्या काळी परवडणारं नव्हतं, म्हणून ते करत होत्या. आज एक किलो कैरीसाठी तो धोका पत्करू नये. त्यांची सगळीच रीत डोळे झाकून उचलावी असं मी म्हणत नाही. पण मीठ, कोरडा हात आणि ऊन, या तिन्हींत त्यांनी कधी तडजोड केली नाही. आपण नेमकी तिथेच करतो.

सी-१०३ डॉक्टर ताई: मीठ कमी करायचा सल्ला आम्हीच देतो, म्हणून जरा आकडा सांगते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. या प्रमाणाच्या लोणच्यात साधारण १०-१२ टक्के मीठ येतं. म्हणजे १५ ग्रॅमच्या एका चमच्यात दीड-पावणेदोन ग्रॅम, दिवसाच्या वाट्यातला तिसरा हिस्सा. बीपीवाल्यांनी एखादी लहान फोड घ्यावी, तीही रोज नाही. पण बरणीतलं मीठ कापून वर्षभर बाहेर ठेवू नका, त्यातून वेगळाच आजार घरात येईल.

ए-३०३ वहिनी: अगदी बरोबर बोललात ताई. ताटात कमी घ्या, बरणीत नको. आणि कमी मिठाचंच हवं असेल तर अर्ध्या किलोचं करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यांत संपवा. त्याला वर्षाचं लोणचं म्हणू नका.

बी-४०१ दादा: आणि लसूण? बायकोच्या माहेरी लसणाची तेलातली चटणी करतात. ती बाहेर ठेवली तर?

ए-१०२ सर: इथे फार जपा. लसूण आंबट नाही. कच्चा लसूण तेलात बुडवला की हवा बंद होते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला नेमकी तशीच जागा लागते. सामू ४.६ च्या खाली असला की तो वाढत नाही, म्हणून लसणाच्या लोणच्यात भरपूर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर असतं. नुसती तेलातली चटणी फ्रिजमध्ये, तीही चार-पाच दिवस. वास किंवा रंग बघून हे विष ओळखू येत नाही.

सी-२०१ काकू: एक सांगू का, राग मानू नका. लोणचं बिघडतं ते मीठ-तेलापेक्षा शिवाशिव पाळत नाहीत म्हणून. बाहेरची असताना बाईने बरणीला हात लावू नये, असं आमच्याकडे आजपण आहे.

ए-३०३ वहिनी: काकू, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, हे मला मान्य नाही. लोणचं ओल्या हाताने बिघडतं. पाळी आहे की नाही हे बरणीला कळत नाही. घरातली पुरुष मंडळी आंघोळ न करता, भातात बुडवलेला चमचा बरणीत घालतात, त्यांना कोणी अडवत नाही. माझ्या मुलीला मी लोणचं घालायला शिकवतेय आणि तिला महिन्यातले चार दिवस लांब उभं करणार नाही.

बी-२०४ जिजी: (आजीने हे तीनदा ऐकवायला लावलं, मग बोलली.) "सासरी तीस-तीस किलोचं लोनचं राहे. घरात चार सुना. चारी एकदम बाजूले बसनार का? आम्ही हात लावला. सासूले सांगितलं नाही. बरनी वर्षभर टिकली. पोरींनो, हात कोल्ला (कोरडा) पाहिजे, चमचा कोल्ला पाहिजे. पानीना एक थेंब गया का बरनी गयी."

सी-३०१ रावेरवाले दादा: जिजी, साष्टांग नमस्कार.

बी-१०१ सूनबाई: जिजी, मला तुमच्याकडून गुळांबा शिकायचाय. माझा दरवेळी पातळ होतो, नाहीतर दगड.

बी-२०४ जिजी: आजी म्हणते लिहून घ्या. कैरी आतून पांढरी, कोय धरलेली हवी, पिवळी पडलेली नको. साल काढून किसा. जितका कीस तितकाच गूळ, कैरी फार आंबट असली तर सव्वापट. कीस आधी थोडा वाफवा, मऊ होऊ द्या, मग गूळ घाला. कच्च्या किसावर गूळ पडला की कीस आकसतो आणि चिवट होतो, पुढे कितीही शिजवा. जाड बुडाचं भांडं, मंद आच. पितळेचं असेल तर कल्हई केलेलंच, नाहीतर आंबट लागलं की कळकतं. उलथन्यावरून थेंब ताटलीत टाका, ताटली तिरकी करा. थेंब पळाला तर कच्चं. जागेवर थबकून सावकाश सरकला की लगेच उतरवा. गार झाल्यावर आणखी घट्ट होतो हे लक्षात ठेवा, दगड तिथेच होतो.

बी-१०१ सूनबाई: थबकून सावकाश सरकला. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं!

ए-१०२ सर: गोडाच्या पदार्थांत मिठाचं काम गूळ-साखर करते. बाजारच्या जॅमलाही विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः विरघळलेली साखर, किमान ६५ टक्के लागतात, नियमच आहे. जिजींचा थेंब थबकतो तेव्हा पाक जवळपास तिथे पोचलेला असतो.

बी-१०१ सूनबाई: मग "शुगर फ्री" गुळांबा बाहेर टिकणार नाही तर.

ए-३०३ वहिनी: नाही टिकत. फ्रिजमध्येच.

सी-३०१ रावेरवाले दादा: आमच्या केळीचं पण बोला ना कोणी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. पण घरात केळीचं लोणचं किंवा मुरांबा कधी पाहिला नाही.

ए-१०२ सर: पिकलेलं केळ गोड आहे, आंबट फारसं नाही, सामू ५ च्या आसपास. लोणच्याची राखण त्याला मिळत नाही. म्हणून एकतर वाळवा, नाहीतर तळा.

सी-३०१ रावेरवाले दादा: तेच करायची आजी. कच्च्या केळीचे काप सोलल्या सोलल्या मीठ-हळदीच्या पाण्यात टाकायची, मग काळे पडत नाहीत. वाळवून दळलं की उपवासाचं पीठ. वेफर्स तर सावदा-फैजपूरच्या रस्त्यावर आज कढया लावून तळतात. पिकलेल्या केळीचे उभे काप करून, लिंबाचा रस चोळून धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, टाकायची. मेच्या उन्हात दोन-तीन दिवसांत चामट होतात, वाकवले तर तुटत नाहीत, बोटाला चिकटतही नाहीत. तेव्हा डब्यात. घड एकदम पिकतो आणि भाव पडलेला असतो, त्या वेळी घरात तरी एवढं करून ठेवावं असं मला फार वाटतं. माल बांधावर टाकून देताना जीव तुटतो.

ए-३०३ वहिनी: दादा, हे आपण यंदा गच्चीवर करूच. वर मलमलचं कापड ताणून लावू, माशा-कबुतरांचा त्रास नको. आंबोशीही तशीच. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आदिवासी बाया गावठी कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात, त्यांचं वर्षाचं मीठ-तेल त्यावर निघतं. आणि आपण शहरात पुडीतलं आमचूर आणतो, घरासमोरच्या झाडाच्या कैऱ्या खाली पडून सडतात. वाळलेली फोड हातात घेऊन मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून एक ऊन द्या.

बी-४०१ दादा: पण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आंबा खायचा नाही ना? मग कैरी कशी चालते?

सी-२०१ काकू: नियम पिकलेल्या आंब्याचा आहे रे. आखाजीला घागर भरून, डांगर (खरबूज) आणि आंबा ठेवून पितरांना दाखवायचा, मग घरात रस. कैरीचं पन्हं, तक्कू आधीपासून चालतो. वहिनी, मघाच्या बोलण्याचा मला राग नाही आला हं. जिजी बोलल्या त्यावर विचार करतेय.

ए-३०३ वहिनी: काकू, तुमच्या हातचा साखरांबा मी खाल्लाय, आमच्याकडे कोणाला तसा जमत नाही. तुम्ही आणि जिजींनी एक दुपार द्या. मी वजनकाटा घेऊन येते. तुम्ही मुठीने टाकाल, मी टाकण्याआधी प्रत्येक मूठ तोलीन आणि लिहून घेईन. "अंदाजाने" म्हणालात तरी अंदाज तोलणार. माझ्या आजीचं भोकराचं लोणचं गेलं तिच्याबरोबर, कोणी लिहून घेतलं नाही. भोकरं अजून बाजारात दिसतात, पण तो खार आमच्या घरात परत झाला नाही. या बिल्डिंगीत अजून जिजी आहेत, काकू आहेत. मला आता थांबायचं नाही.

सी-२०१ काकू: ये गं. रविवारी ये. सकाळी, म्हणजे कैरी ताजी मिळते.

बी-२०४ जिजी: आजी म्हणते, कैरी फोडायला बाजारात अडकित्तावाला बसतो त्याच्याकडूनच फोडून आणा. सुरीने कोय नीट तुटत नाही, आतलं पांढरं टरफल फोडीला राहतं आणि फोड सुटते. घरी आल्यावर फडक्याने प्रत्येक फोड पुसायची. धुवायची ती कैरी, फोडल्यावर फोड नाही.

बी-४०१ दादा: आम्ही फोडल्यावर धुतल्या होत्या.

बी-२०४ जिजी: "मंग!"

ए-१०२ सर: बरणी काचेची किंवा चिनीमातीची. प्लॅस्टिकचे आइस्क्रीमचे डबे आणि ॲल्युमिनियम अजिबात नको, आंबट-खारट त्यांना लागतं. बरणी धुऊन कडक उन्हात तासभर पालथी ठेवा. वर दादरा (स्वच्छ फडकं) बांधा.

सेक्रेटरी भाऊ: मी सगळं वाचलं. माझ्या आईनेही वाचलं, तिने फोन करून मला बरंच सुनावलं. निर्णय असा: गच्ची सकाळी ८ ते संध्याकाळी ६ उघडी. किल्ली वॉचमनकडे, वहीत सही करून घ्यायची. बाजेच्या पायांना रबर हवंच. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर काही वाळत घालायचं नाही, सोलरच्या पॅनेलवर सावली पडता कामा नये. ए आणि बी विंगला सोमवार, बुधवार, शुक्रवार. सी विंगला मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवारी सगळ्यांना.

ए-३०३ वहिनी: भाऊ, आंबोशीला सलग तीन ऊन लागतात. एक दिवसाआड केलं तर मधल्या दिवशी फोडी दमट होतील. त्यापेक्षा प्रत्येक विंगला सलग तीन दिवस द्या, मग पुढची विंग.

सेक्रेटरी भाऊ: बरोबर आहे. मग ए विंग सोमवार ते बुधवार, बी विंग गुरुवार ते शनिवार, सी विंग पुढच्या सोमवारपासून. रविवार सगळ्यांचा. टाकी या शनिवारी धुणार आहेत, त्या दिवशी दुपारी १२ नंतर पश्चिमेच्या बाजूला बाज ठेवू नका, तिथे पाणी सोडतील.

बी-२०४ जिजी: आजी विचारते, गच्चीपर्यंत लिफ्ट जाते का?

सेक्रेटरी भाऊ: चौथ्या मजल्यापर्यंत जाते जिजी. वरचा एक जिना आहे, खुर्ची वॉचमन नेऊन ठेवेल.