फ्लाय फिशिंग: लीडर सरळ पडत नाही, टिपेटला गाठी पडतात

पाणकावळा
जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. ऑक्टोबरमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जायचं ठरतंय. सामान: 9 फुटी 5 वेट रॉड (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक), वेट फॉरवर्ड (पुढचा भाग जड असलेली) तरंगती लाइन, 9 फुटी 5एक्स लीडर (लाइनच्या टोकाला जोडायची निमुळती दोरी; एक्सचा आकडा तिच्या टोकाच्या जाडीचा). आजवर फक्त स्पिनिंग केलंय. सध्या मैदानात सराव चालू आहे. लीडर पुढे जाऊन गोळा होऊन पडतो, टिपेटला (लीडरच्या टोकाच्या बारीक भागाला) आपोआप गाठी पडतात आणि मधूनच मागे फट्ट आवाज येतो. काठावर झाडी असेल तर काय करायचं, हेही सांगा.

सह्यवारा
तिन्ही दुखणी स्पिनिंगच्या सवयीतून येतात. तिथे आमिषाला वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. फ्लायला (हुकवर बांधलेल्या नकली किड्याला) वजन जवळपास नसतंच, सगळं वजन लाइनचं. 5 वेट लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं प्रमाण वजन 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम. या वजनाने रॉड वाकतो आणि तो एकदम थांबला की लाइन उलगडत जाते. म्हणजे फेकण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं.

आवाज येतो तो घाईमुळे. मागची लाइन उलगडायच्या आत तुम्ही पुढे ओढता. असं होत राहिलं तर फ्लाय तुटून जाते. उजवा पाय मागे घेऊन तिरके उभे राहा आणि प्रत्येक बॅककास्टला (लाइन मागे टाकताना) मान वळवून बघा. लाइन जवळपास सरळ झाली की पुढे या. बाहेर लाइन जास्त तेवढं थांबणंही जास्त, त्यामुळे मनात ठरावीक आकडे मोजून भागत नाही.

लीडर गोळा होतो कारण पुढे रॉड थांबतच नाही, तसाच खाली जातो. त्याने लूप (हवेत उलगडणाऱ्या लाइनचा वळसा) रुंद होतो आणि जोर हवेत विरतो. घड्याळाच्या भाषेत मागे 1 वाजता आणि पुढे 10 वाजता ठाम थांबा, टोक खाली आणायचं ते त्यानंतर. मनगट मागे मोडत असेल तर रॉडची मूठ शर्टाच्या बाहीत खोचून सराव करा, लगेच कळतं.

गाठींचं कारण उलट आहे: सुरुवातीलाच झटका. रॉडचं टोक मध्येच खाली दबतं, लाइनचा वरचा पदर खालच्याला छेदतो. सुरुवात संथ, वेग वाढत वाढत शेवटी, आणि मग थांबा. रॉड आडवा धरून जमिनीला समांतर कास्ट केलात तर लूप डोळ्यांसमोर दिसतो.

सरावाला हुक नको, लोकरीचा तुकडा बांधा. गवतावरच करा. काँक्रीटवर लाइनचं आवरण खरवडतं.

खडशी
वरच्या सगळ्याला +१. सामानाबद्दल थोडं. रॉड आणि लाइन ठीक आहे, लीडर मात्र तीर्थनसाठी बदला. पाणी खळाळतं, मोठाल्या दगडांमागे छोटे छोटे डोह. तिथे 7.5 फुटी 4एक्स सोपा पडतो. 5एक्सची जाडी 0.15 मिमी, 4एक्सची 0.18 मिमी. एवढ्या फरकानेही जड निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) नीट पुढे जाते. टिपेटला गाठ पडली की तेवढा भाग कापून नवा जोडा, कारण पहिला मोठा मासा नेमका तिथेच तोडतो. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करा, नाहीतर घर्षणाने नायलॉन कमजोर होतं. टोपी आणि गॉगल सरावातही हवाच, डोळ्याचा प्रश्न आहे.

ओढाकाठ
झाडीसाठी रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता केलेला कास्ट. लाइन पाण्यावर सरळ पसरलेली असू द्या. रॉडचं टोक सावकाश मागे आणा, रॉड किंचित बाहेर कललेला. लाइन खांद्यामागे पोटासारखी लोंबू लागली की पूर्ण थांबा. ती स्थिर झाली की पुढे वेग देत जा आणि टोक उंचावर असतानाच थांबवा. हा सराव पाण्यावरच करायचा, कारण पाणी लाइनला धरून ठेवतं म्हणून रॉडला जोर मिळतो. गवतावर लाइन नुसतीच घसरते.

एक मात्र नक्की: तीर्थनवर लांब कास्टची हौस नको. 20 ते 25 फूट पुरे. लाइन जास्त टाकली तर मधला जोराचा प्रवाह तिला ओढतो आणि फ्लाय पाण्यापेक्षा वेगात पळते. अशा फ्लायकडे ट्राउट बघतही नाही. रॉड उंच धरून मधली लाइन पाण्याबाहेर ठेवा. जमलं नाही तर लाइन पडल्या पडल्या तिचं पोट प्रवाहाच्या वरच्या दिशेला उचलून टाका.

पाणकावळा
सगळ्यांचे आभार! बाहीची युक्ती उद्याच करून बघतो. फ्लाय कोणत्या घेऊ?

ओढाकाठ
एल्क हेअर कॅडिस 14 नंबर, अ‍ॅडम्स 16, आणि मणी लावलेली फेझंट टेल 14 व 16. प्रत्येकी चार-पाच तरी घ्या, दगडांत अडकून जातातच. हुकचा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा सोडताना जखम कमी होते. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. आणि ऑक्टोबर उलटू देऊ नका, 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिथे ट्राउटला बंदी असते.