जेपेग फोटो ट्रेस केला की कडा खडबडीत येतात, काय करू?

माझ्याकडे एका जुन्या चित्राची जेपेग आहे, इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केलं (म्हणजे चित्रावरून आपोआप रेषा काढून घेतल्या) तर रेषेच्या बाजूने बारीक बारीक ठिपके येतात आणि शेकडो नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) तयार होतात. गिंप या फोटो एडिटरमध्ये क्वालिटी १०० ठेवून परत सेव्ह करून पाहिली, फाइल मोठी झाली पण फरक शून्य. माझं काय चुकतंय?

उत्तर १
अहो, क्वालिटी १०० केल्याने गेलेलं परत येत नाही. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि त्यातला बारीक तपशील कमी करतं, तो एकदा गेला की गेलाच. ४०० टक्के झूम करून बघा, काळ्या रेषेशेजारी पांढऱ्यावर राखाडी धूळ दिसेल, ट्रेस करणारं सॉफ्टवेअर तीच धूळ आकार समजून घेतं. मूळ स्कॅन असेल तर पीएनजीत सेव्ह करा, त्यात काही जात नाही.

उत्तर २
मूळ नसेल तर आधी चित्र दुप्पट मोठं करा, मग हलका गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) द्या आणि मग थ्रेशोल्ड लावा, म्हणजे राखाडी उरतच नाही, नुसतं काळं-पांढरं. इंकस्केपमध्ये स्पेकल्सचा (बारीक ठिपके गाळायच्या सेटिंगचा) आकडा पण वाढवा, मात्र जास्त वाढवलात तर डोळ्यातली बाहुली वगैरे खरे ठिपकेही उडतात, मी एकदा असंच घालवलंय.

उत्तर ३
चेहरा असेल तर मी हातानेच करते. फोटो खालच्या लेयरवर (थरावर) ठेवून त्याची ओपॅसिटी ४० टक्क्यांवर, म्हणजे तो फिकट दिसतो, आणि त्याच्यावर पेन टूलने रेषा. वेळ लागतो पण नोड मोजकेच पडतात आणि रेष आपली वाटते.

मूळ प्रश्नकर्ता
थ्रेशोल्ड लावून पाहिलं, ठिपके गेले!! केसांचा भाग मात्र हाताने करतो आता, मनापासून आभार.