मदत हवी आहे: तळ्यावर गळ टाकताना साप, विषारी आहे का कसं ओळखायचं आणि चावलाच तर काय करायचं?

नमस्कार मंडळी, गेली पाच-सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गळ टाकायला जातोय, कधी काठावरून कधी छोट्या होडीतून. साप लांबून बरेचदा दिसतात, आपण बघतो आणि विसरतो. पण मागच्या रविवारी जे झालं त्यानंतर डोक्यातून जातच नाहीये.

संध्याकाळ होत आलेली, सोबत भाचा, वय १३. धरलेले मासे आम्ही जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सोडून ठेवतो. निघताना त्याने दोरी ओढली, मी पिशवीत हात घालायला गेलो, काहीतरी हललं, मला वाटलं मासाच आहे म्हणून हात अजून खाली नेला आणि मग दिसलं की जाळीच्या भोकात अंगठ्यापेक्षा जाड साप अडकलाय, अर्धा आत अर्धा बाहेर, तोंडात माशाची शेपटी. त्याने मासा टाकला, मान चपटी केली आणि हाताच्या दिशेने झडप घातली. वीतभर अंतर राहिलं असेल. भाचा अगदी गप्प झाला, घरी जाईपर्यंत बोलला नाही.

शेजारी बसणारे एक काका धावत आले, म्हणाले नाग आहे, फणा काढलाय, मारा. मी मारू दिलं नाही, सर्पमित्राला फोन केला. त्यांनी लांबूनच सांगितलं पाणदिवड आहे, बिनविषारी, कात्रीने तंगूस कापून सोडवला आणि घेऊन गेले. तोपर्यंत काकांनी मला खिशातलं ब्लेड आणि सुतळी दाखवली, चावला की वर आवळून बांधायचं, चीर द्यायची, रक्त चोखून थुंकायचं. माणूस अगदी मनापासून सांगत होता.

आता माझे प्रश्न. पाणदिवड आणि नाग यातला फरक मला कसा कळावा? एका अमेरिकन व्हिडिओत सांगत होते की विषारी सापाचं अख्खं अंग पाण्यावर तरंगतं आणि बिनविषारीचं फक्त डोकं वर असतं, हे खरं का? होडीत असताना साप सरळ आपल्याकडे पोहत येतो, तो अंगावर येतो का? आणि मुख्य म्हणजे चावला तर काकांचं ऐकायचं का? भाच्याला पुन्हा नेऊ की नको हे मला यावरून ठरवायचंय.

प्रतिसाद १

मारू दिलं नाहीत हे फार बरं केलंत. पाणदिवड घाबरली की मान चपटी करते आणि तिथेच लोक फसतात. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी ठिपके असतात आणि डोळ्यापासून खाली दोन तिरक्या काळ्या रेघा. नाग अंगाचा पुढचा भाग उभा करून फणा काढतो, फण्यावर बरेचदा दहाचा आकडा दिसतो, पण दिसला नाही म्हणजे नाग नाही असं समजू नका. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या रांगा आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा. मण्यार काळी, पांढऱ्या बारीक पट्ट्या, फिरते रात्री.

तो तरंगायचा नियम अमेरिकेतल्या कॉटनमाउथ सापासाठी सांगतात, तो अंग वर ठेवून पोहतो, पण तिथेही डोळे झाकून भरवसा ठेवण्यासारखं नाही. आपल्या सापांना तर लावूच नका, नागही उत्तम पोहतो. खरं सांगू का, संधिप्रकाशात ओल्या सापाची ओळख पटवत बसण्यात अर्थ नाही, ओळखता आला नाही तर विषारीच धरा आणि लांब राहा.

होडीकडे येतो तो बहुतेक वेळा टेकायला जागा शोधत असतो, त्याला होडी म्हणजे तरंगतं लाकूड. वल्ह्याने मारू नका, होडी बाजूला घ्या, चढलाच तर दुसऱ्या टोकाला शांत बसून काठ गाठा. आणि माशांची पिशवी पाण्यात ठेवलीत की पाणदिवड येणारच, मासे हेच तिचं खाणं. पिशवी आधी टॉर्च मारून बघा, मगच हात.

प्रतिसाद २

चावल्यावरचं मी सांगतो कारण माझ्या भावाला घोणस चावली होती, पायाला, तळ्याच्या काठच्या गवतात. आम्हीही टॉवेल आवळून बांधला होता. डॉक्टर म्हणाले घोणशीचं विष आधीच तिथलं मांस खराब करतं, त्यात रक्तपुरवठा बंद केला तर पाय गमवायची वेळ येते. भाऊ वाचला, पाय वाचला, पण जखम भरायला बरेच महिने गेले.

तर बांधायचं नाही, चीर नाही, चोखणं नाही, बर्फ नाही. चोखून विष निघत नाही, जखम मात्र वाढते. अंगठी, घड्याळ, बूट लगेच काढा कारण सूज येते. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, स्नायू हलले की विष लवकर पसरतं, म्हणून गळाच्या काठीचाच तुकडा लावून फडक्याने सैलसर बांधा, बोट आत जाईल इतकं. माणसाला चालवू नका, उचलून न्या. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. साप पकडून न्यायची गरज नसते, नाग, घोणस, मण्यार, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, आणि मेलेल्या सापाचं तोंडसुद्धा चावू शकतं. मण्यार चावली तर दुखत नाही फारसं, खूणही दिसत नाही कधी कधी, नंतर पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास. म्हणून लक्षणांची वाट बघत काठावर थांबायचं नाही. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं ते आधीच फोन करून विचारून ठेवा, आम्ही त्या रात्री दोन ठिकाणी फिरलो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. गळाच्या काठीचं कधी डोक्यातच आलं नसतं. गमबूट आणि दोन टॉर्च घेतोय, पिशवीऐवजी झाकणाची बादली, आणि अंधार पडायच्या आत परत. भाच्याला नेणार, पण आधी हा धागा त्याला वाचायला देतो. हॉस्पिटलला फोन उद्या सकाळी. काकांना भेटून तुमच्या भावाचं सांगेन, ते आमच्यापेक्षा जास्त वेळ तिथे एकटे बसतात.