मदत हवी आहे: इन्सब्रुक ते ग्रादो सायकल टूर, आल्प्समधले कमी ट्रॅफिकचे रस्ते

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटी मी आणि बायको इन्सब्रुकहून ग्रादोपर्यंत सायकलने जायचं म्हणतोय, म्हणजे ऑस्ट्रियातून आल्प्स ओलांडून इटलीच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत. सामान सगळं सायकलवरच, दोघांच्याही मागे पॅनिअर (कॅरिअरला लावायच्या पिशव्या). रूट बराचसा ठरलाय पण दोन-तीन ठिकाणी अडलोय, त्या भागात कोणी सायकल चालवली असेल तर प्लीज सांगा.

आधी अडचण सांगतो म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. चढाचं आम्हाला काही वाटत नाही, बायको तर माझ्यापेक्षा चांगली चढते. तिला त्रास होतो तो मागून येणाऱ्या गाड्यांचा. ट्रक अगदी जवळून गेला की लोड केलेली सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि ट्रक पुढे गेला की आत ओढली जाते, त्या एका क्षणात ती हँडल इतकं घट्ट धरते की नंतर बोटं सरळ करायला वेळ लागतो, आणि मग पुढचा अर्धा तास तिचं सगळं लक्ष मागे कानात असतं, समोरचा डोंगर दिसतच नाही. तिने डोंगर नीट बघावेत, घाबरत घाबरत नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

तर रूट असा. इन्सब्रुकहून इन नदीच्या काठाने लांडेक आणि पुढे फुंड्स. तिथून सरळ नाउडर्सला चढणारा मोठा रस्ता आहे तो आम्ही टाळतोय कारण रेशेन पासचा सगळा ट्रॅफिक त्याच्यावर असतो, त्याऐवजी जरा स्वित्झर्लंडमध्ये शिरून मार्टिनाहून नॉर्बर्ट्सहोए चढायचा, ११ हेअरपिन (उलटं फिरणारी तीव्र वळणं) आहेत आणि वर १४०५ मीटर. मग नाउडर्स, रेशेन, तिथे तळ्यातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो (१९५० मध्ये धरणासाठी गाव बुडवलं, मनोरा तेवढा राहिला). मग आदिजे नदीच्या काठाने सायकल ट्रॅकवरून ग्लुर्न्स, मेरान, बोल्झानो, पुढे जुन्या रेल्वेच्या मार्गावर केलेल्या ट्रॅकने ब्रिक्सेनच्या दिशेने, ब्रुनेक, टोब्लाख, तिथून द्राव नदीबरोबर लिएन्झ, फिलाख, आणि शेवटी टार्व्हिझिओवरून अल्पे आद्रिया सायकल ट्रेलने (सुरुवातीचा भाग जुन्या रेल्वेमार्गावरचा) उदिने आणि ग्रादो.

कागदावर एकदम मस्त आहे, जवळजवळ सगळा गाड्यांपासून वेगळा ट्रॅक. पण नकाशा बघत बसलो की वाटतं आपण आल्प्समध्ये जाऊन फक्त खोऱ्याच्या तळाने चालवणार, सफरचंदाच्या बागा आणि नदी, डोंगर आपले वर कुठेतरी. हे वाईट नाहीच, पण एकदोन तरी खरे घाट चढायचेत. आणि घाट म्हटलं की मोटरसायकली आल्याच, उन्हाळ्यात झुंडीने असतात.

माझे प्रश्न:

एक म्हणजे स्टेल्व्हिओचा घाट. २७५७ मीटर, प्रातोच्या (ग्लुर्न्सजवळचं गाव) बाजूने ४८ हेअरपिन, नाव एवढं मोठं की त्या रस्त्यावर शांतता मिळेल असं वाटत नाही. त्याऐवजी स्वित्झर्लंडच्या सांता मारियाहून उंब्राइलचा घाट चढून वरच्या वर स्टेल्व्हिओ गाठायचा आणि प्रातोला उतरायचं हा पर्याय कसा आहे? सामानासकट करावा का?

दुसरं, टोब्लाख ते लिएन्झ. हा ट्रॅक सगळा उताराचा, गाड्या नाहीत, पण खूप लोक भाड्याची सायकल घेऊन सहकुटुंब लिएन्झपर्यंत उतरतात आणि ट्रेनने परत येतात असं वाचलं. गाड्यांची गर्दी टाळून सायकलींच्या गर्दीत जायचं का? याला पर्याय म्हणून आन्थोल्झचं खोरं धरून श्टालर झाटल नावाचा पास दिसतो, तो कोणी केलाय का?

आणि तिसरं, टार्व्हिझिओच्या पुढचा रेल्वे ट्रेल मोजोच्या आसपास संपल्यावर व्हेन्झोनेपर्यंत हायवेच्या कडेने जावं लागतं का, की आतून काही रस्ता आहे?

ट्रेनने हा भाग उडवा असं कृपया सुचवू नका, तो शेवटचा पर्याय आहेच.

---

प्रतिसाद:

उंब्राइल नक्की करा. १३ किमीच्या आसपास चढ आहे, साडेआठ टक्के पडतो सरासरी, म्हणजे सोपा अजिबात नाही, पण रस्ता अरुंद आणि गाड्या स्टेल्व्हिओच्या मानाने फारच कमी. मधला एक पट्टा बरीच वर्षं कच्चा होता, २०१५ मध्ये तोही डांबरी झाला. उंब्राइलच्या माथ्यावरून स्टेल्व्हिओ तीनेक किमी राहतो, तेवढा मोठ्या रस्त्यावरून.

सामानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नेऊ नका. प्रातोला दोन रात्री मुक्काम टाका आणि सामान तिथेच ठेवून गोल फेरी करा, प्रातो, ग्लुर्न्स, म्युस्टेअर, सांता मारिया, उंब्राइल, स्टेल्व्हिओ आणि ४८ हेअरपिन उतरून परत प्रातो. पॅनिअर लावून हा उतार उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड काम आहे. प्रातो ९०० मीटरच्या थोडं वर आहे, म्हणजे १८०० मीटरहून जास्त उतार तुम्ही ब्रेकवर काढणार. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे) असतील तर रिम हात लावता येणार नाही इतकी तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, सरळ पट्ट्यात सोडायचा, वळणाच्या आधी जोरात लावून वेग पाडायचा आणि पुन्हा सोडायचा, मधे मधे थांबायचं. डिस्क असतील तरी पॅड निघायच्या आधी बघून घ्या.

दिवस आठवड्याच्या मधला घ्या, शनिवार-रविवार नको. आणि सकाळी लवकर निघा. मोटरसायकलवाले नाश्ता करून निघतात, त्यामुळे पहिले दोन-तीन तास रस्ता तुमचा असतो. बायकोला जर आवाजाचाच त्रास होत असेल तर उतरताना तुम्ही मागे राहा, तिला पुढे जाऊ द्या. मागून येणाऱ्याला आधी तुम्ही दिसता आणि तो तुमच्यामुळे वेग कमी करतो.

---

प्रतिसाद:

श्टालर झाटल हा तुमच्यासाठीच केलेला पास आहे असं म्हणेन. इटलीच्या बाजूने आन्थोल्झच्या तळ्यापासून माथ्यापर्यंत रस्ता इतका अरुंद आहे की समोरासमोर दोन गाड्या नीट जात नाहीत, म्हणून दोन्ही टोकांना सिग्नल आहे. दर तासाला पहिली १५ मिनिटं वरून खाली येणाऱ्या गाड्या सोडतात, आणि अर्ध्या तासापासून पाऊण तासापर्यंत खालून वर जाणाऱ्या. म्हणजे ट्रॅफिक सतत नसतो, लॉटने येतो. तळ्याकाठी थांबा, वर जाणाऱ्यांचा लॉट पूर्ण जाऊ द्या, इंजिनांचे आवाज विरले की निघा, मग मागून बराच वेळ काही येत नाही. तासाच्या सुरुवातीला समोरून उतरणारे येतील, पण ते समोरून येतात, दिसतात, तेव्हा रुंद जागा बघून कडेला उभं राहायचं. बायकोला भीती मागच्या गाडीची आहे ना, मग तिला हे आधी समजावून सांगा, घड्याळ बघून कधी काय येणार हे कळतं म्हटल्यावर माणूस निवांत चढतो.

तळं १६४२ मीटरवर, माथा २०५२. अंतर थोडं आहे पण चढ खडा आहे, सर्वात छोटा गिअर लागेल. पलीकडे ऑस्ट्रियात रस्ता रुंद होतो, डेफेरेगनचं खोरं धरून हुबेनपर्यंत उतार. हुबेनहून लिएन्झपर्यंत मोठा रस्ता घेऊ नका, इझेल नदीच्या काठाने सायकलमार्ग आहे तो धरा. असं केलं तर टोब्लाख-लिएन्झचा गर्दीचा पट्टा पूर्ण टळतो आणि लिएन्झला पुन्हा तुमच्या ठरलेल्या रूटवर लागता.

---

प्रतिसाद:

वरचे दोन्ही पटले, तिसरा घाट मी सुचवतो. टार्व्हिझिओहून थेट रेल्वे ट्रेल धरण्याऐवजी काव्हे देल प्रेदिलला वळा, तळ्याच्या कडेने सेल्ला नेव्हेआ चढा. उंची फक्त ११९० मीटर, त्यामुळे नाव कोणी घेत नाही आणि मोटरसायकलवालेही पलीकडच्या मोठ्या घाटांकडे वळतात. माथ्यावरून राक्कोलाना नदीच्या अरुंद खोऱ्यातून उतरत किऊझाफोर्तेला पोचता, तिथे रेल्वे ट्रेल भेटतोच. पाऊस पडत असेल तर मात्र हा उतार टाळून ट्रेलनेच जा, खडा आहे आणि ओल्या रस्त्यावर सामानासकट मजा येत नाही.

ट्रेलवर जुने बोगदे आहेत. आत दिवे असले तरी स्वतःचा पुढचा-मागचा लाइट लावाच, उन्हातून एकदम आत शिरलं की डोळ्याला काही क्षण काही दिसत नाही.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. सिग्नलवाला पास बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली बाकी काहीही बदला पण हा ठेवा. त्यामुळे श्टालर झाटल पक्का. प्रातोला सामान ठेवून गोल फेरी हेही पक्कं, फेरी बुधवारी येईल अशा बेताने इन्सब्रुकहून निघतो. सेल्ला नेव्हेआ हवा बघून ठरवू.

मागे राहण्याचा सल्ला फार आवडला. मी आत्तापर्यंत पुढे असायचो, म्हणजे वाऱ्याला मी तोंड देईन आणि ती मागे आरामात येईल असा विचार. आता उतारावर उलटं करू.

राहिलं एवढंच, डेफेरेगनमधून उतरताना हुबेनच्या आधी बोगदे आहेत का आणि असतील तर सायकलींना बाहेरून जुना रस्ता आहे का? बोगद्यात मागून आलेल्या गाडीचा आवाज कितीतरी मोठा होतो, तिच्यासाठी सगळ्यात वाईट तेच. कोणी तिकडून गेलं असेल तर सांगा. आणि मोजोच्या पुढचा प्रश्नही अजून तसाच आहे.