लेझरच्या आधी फिजिओथेरपी

ताई, दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंकलं की लघवी गळते म्हणून क्लिनिकने योनीमार्गाच्या लेझर उपचाराचं पॅकेज सुचवलंय म्हणताय, तर पैसे भरण्याआधी जरा थांबा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, जुलै २०१८ मध्येच सावध केलं होतं की ही यंत्रं लघवी गळण्यावर मंजूर नाहीत. भाजणं, व्रण, संबंधावेळी दुखणं अशा तक्रारीही आल्या होत्या.

आधी पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपिस्ट गाठा. कीगल व्यायाम, म्हणजे हे स्नायू आवळून सोडणं, निदान तीन महिने नेटाने करायचे. लघवी अडवताना आवळतो तेच स्नायू, पण सराव लघवी करताना नको. मी तर महिनाभर नुसतं पोटच आवळत होते! तिने तपासलं तेव्हा कळलं. आणि हो, जळजळ होत असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या.