मदत हवी आहे: आयसीयूतल्या नवीन नर्सेसना शॉक लवकर ओळखायला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी, आमच्या युनिटला नवीन बॅच आलीये आणि शॉकचं (म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याच्या अवस्थेचं) ट्रेनिंग माझ्या गळ्यात पडलंय. व्याख्या, चार प्रकार सगळं पाठ आहे पोरींना, पण बेडजवळ गेल्या की नजर फक्त बीपीवर. बीपी ११० दिसलं की निवांत, आणि तिकडे पेशंटची पल्स १२५, हातपाय गार, कॅपिलरी रिफिल (नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ) ३ सेकंदांच्या वर, युरीन तासाला किलोमागे ०.५ मिलीच्या खाली, पेशंट उगाच चिडचिड करतोय, हे सगळं सुटतं! बीपी पडतं ते शेवटी, हेच डोक्यात बसवायचंय.

दुसरी अडचण फ्लुइडची. सेप्टिक शॉकमध्ये (इन्फेक्शनमुळे होणाऱ्या) सुरुवातीला किलोमागे ३० मिली देतात हे ऐकलं की सगळ्यांनाच बोलस (एकदम भराभर दिलेलं सलाइन) द्यावासा वाटतो, पण कार्डिओजेनिकमध्ये (हृदय कमी पडल्यामुळे होणाऱ्या शॉकमध्ये) फुफ्फुसात पाणी भरेल ना. नॉरअॅड (बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन) चालू असताना सिरिंज बदलताना मॅप (सरासरी रक्तदाब) ६५च्या खाली घसरतो, त्याची प्रॅक्टिस कशी घेता?

सिम्युलेशन मॅनिकिन (सरावासाठीचा पेशंटचा पुतळा) नाहीये आमच्याकडे. कोणी केस सांगत सांगत, दर ५ मिनिटांनी आकडे बदलत शिकवलंय का? आणि नाइटला डॉक्टरांना फोन करायला घाबरतात त्यांचं काय करावं?