ओबीएसमध्ये ऑडिओ ट्रॅक वेगळे केले, रेकॉर्डिंग अडखळतंय, काय करू?

रात्रपाळी_गेमर: मंडळी मदत करा. ओबीएसने (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) गेम रेकॉर्ड करतोय. १०८०पी, मॉनिटर १४४ हर्ट्झ, रेकॉर्डिंग ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम). खेळताना काहीच त्रास नाही पण नंतर फाइल बघितली की चित्र मधेमधे अडखळतं, आवाज मात्र सलग येतो. गेम, माइक आणि डिस्कॉर्ड असे तीन ट्रॅक वेगळे ठेवलेत, मित्र म्हणतो त्याचाच लोड येतोय, एकच ठेव. पण मग डिस्कॉर्डवरच्या शिव्या कापायच्या कशा? नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं बजेट नाहीये.

जुनाटपीसी: ट्रॅकना हात लावू नकोस, मित्राला म्हणावं गप बस. ऑडिओ एन्कोड करायला प्रोसेसरला जवळपास काहीच लागत नाही, ओबीएस सहा ट्रॅक देतं, सहाही लावलेस तरी चित्र अडकणार नाही. आधी व्ह्यू मेनूतून स्टॅट्स उघड आणि गेममधल्या सगळ्यात धुमाकुळाच्या जागी रेकॉर्ड करून बघ. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढला तर गेमने अख्खा जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) खाल्लाय, ओबीएसला फ्रेम तयार करायलाच सवड मिळत नाहीये. एन्कोडिंग लॅग वाढला तर एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइलमध्ये भरणारा भाग, मागे पडतोय, एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा) असेल तर एनव्हेंकवर (एनव्हिडिया कार्डातला) जा. ड्रॉप्ड फ्रेम्स सोडून दे, तो लाइव्हवाल्यांचा आणि नेटचा विषय.

रात्रपाळी_गेमर: एनव्हेंकच आहे. एन्कोडिंग शून्य, रेंडरिंग लॅग ७ टक्के!!

कोकणी_फ्रेम: मग सापडला की चोर. एफपीएस मोकळा सोडला असशील, जीपीयू ९९ टक्क्यांवर पळत असणार. गेममध्येच एफपीएसला १२० ची कॅप (मर्यादा) लाव, ६० च्या पटीत असला की रेकॉर्डिंगमध्ये हालचाल एकसारखी दिसते, १४४ चं तसं होत नाही. तरी जीपीयू भरलेलाच राहिला तर शॅडो वगैरे खाली आण, नाहीतर सरळ ६०. ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू कर, विंडोजवर त्याने ओबीएसला जीपीयूत प्राधान्य मिळतं, फुकटातला उपाय आहे आणि निम्मे लोक करतच नाहीत. एनव्हेंकच्या सेटिंगमध्ये लुक-अहेड चालू असेल तर तेही काढ, ते जीपीयूच वापरतं. सोर्स म्हणून डिस्प्ले कॅप्चर (अख्खी स्क्रीन) असेल तर गेम कॅप्चर (फक्त गेम) घे.

रात्रपाळी_गेमर: १२० आणि शॅडो मीडियम, अ‍ॅडमिन पण केलं. लॅग शून्य राव! फक्त आता व्हीएलसी प्लेअरमध्ये गेमचाच आवाज येतोय, माइक कुठे गेला?

जुनाटपीसी: कुठे जातोय, आत आहे. प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक वाजवतो, व्हीएलसीच्या ऑडिओ मेनूत ट्रॅक बदलून बघ. अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये (हे ओबीएसमध्ये) ट्रॅक १ ला सगळं एकत्र ठेव आणि २, ३, ४ वर वेगवेगळं, म्हणजे कुणाला कच्ची फाइल पाठवली तरी ऐकू येईल. आणि रेकॉर्डिंग एमकेव्ही फॉरमॅटमध्येच कर, मधेच लाइट गेली तरी तिथपर्यंतचं वाचतं. एडिटर एमकेव्ही घेत नसेल तर ओबीएसच्या फाइल मेनूतून रीमक्स मार (पुन्हा एन्कोड न करता नुसता फॉरमॅट बदलतो), ट्रॅक सगळे तसेच राहतात.